घडीच्या शिकारी चाकूंवर गंज परत परत का येतो आणि नागपूरच्या हवेत तो कसा थांबवायचा

तक्रार नेहमी एकसारखीच असते. जुना घडीचा शिकारी चाकू हौसेनं घेतला, घासला, तेल लावलं, मखमलीच्या डबीत ठेवला. दोन-तीन महिन्यांनी डबी उघडली तर त्याच जागी तोच तांबूस डाग. पुन्हा घासला, पुन्हा तेल, पुन्हा डाग. असं काही वेळा झालं की माणूस वैतागतो आणि चाकू एखाद्या बफिंगवाल्याकडे नेऊन चकाचक करून आणतो. तिथे पात्याच्या बुडाशी असलेला कारखान्याचा ठसा पुसला जातो, कडा गोल होतात, आणि डाग मात्र पुढच्या श्रावणात परत हजर.

गंज पात्यावर दिसतो, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा पात्यावर नसतं. ते मुठीत असतं, डबीत असतं, म्यानात असतं नाहीतर खोलीच्या हवेत असतं. म्हणून माझा आग्रह एकच आहे: घासायला घेण्याआधी गंज नेमका कुठे आलाय ते बघा. चाकू पूर्ण उघडा, प्रत्येक हत्यार वेगळं उघडून उजेडात धरा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जागा कळली की कारण कळतं, आणि कारण दूर झालं की गंज थांबतो.

आपल्या भागात हे चाकू निघतात याला इतिहास आहे. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, कामठीला त्याच्याही आधीपासून छावणी. शिवनी, मंडला, चांद्याच्या जंगलात शिकारीला जाणाऱ्या साहेबांच्या खिशात हे चाकू असायचे आणि त्यांच्या बरोबरीनं जाणाऱ्या मालगुजारांच्याही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली आणि चाकू वाड्यातल्या पेटाऱ्यांमध्ये पडून राहिले. आता वाडे मोडताहेत, वाटण्या होताहेत, तसे ते बाहेर येताहेत.

हे लिहिताना समोर एक ठेवलाय. जोसेफ रॉजर्स, शेफील्ड. पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रॉस, ही त्या कारखान्याची १७६४ पासूनची खूण. मूठ खोदकाम केलेल्या हाडाची, टोकाला जर्मन सिल्व्हर. पाठीवर घोड्याच्या खुरातला खडा काढायचा जाड आकडा. पोटात एक मोठं पातं, एक छोटं, करवत, चामड्याला भोक पाडायची आरी आणि कॉर्कस्क्रू. मुठीच्या कडेला बारीक खोबणीत सरकवलेला चिमटा. आणि आकडा मिटला की त्याच्या नि मुठीच्या मध्ये जी फट राहते, ती काडतुसाची कड पकडून ओढण्यासाठी मापात घडवलेली. त्या काळी छऱ्याच्या बंदुकीची काडतुसं कागदी नळीची असत. दमट हवेत कागद फुगायचा आणि उडवलेलं काडतूस नळीत अडकून बसायचं. म्हणून हे हत्यार चाकूतच बसवलेलं असे. ज्या दमट हवेनं तेव्हा काडतुसं फुगत होती, तीच आज आपल्या पात्यांना छळते आहे.

यातलं सगळं पोलाद कार्बन पोलाद आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं स्टेनलेस पोलाद १९१३ मध्ये बनवलं. त्याआधीच्या चाकूत न गंजणारं पातं असूच शकत नाही. शिवाय एकाच मुठीत पाच-सहा हत्यारं, त्यांच्यामध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या, खाली स्प्रिंगा. प्रत्येक फटीत ओल साचायला जागा. पोलाद आणि पितळ एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये ओल आली की पोलाद आधी झिजतं. पितळी पट्टीच्या कडेनं सरळ रेघेत गंज आलेला दिसतो तो यामुळे. साध्या एकपाती चाकूपेक्षा शिकारी चाकू जास्त का गंजतात, याचं उत्तर एवढंच आहे.

आता जागा वाचूया.

नखानं पातं उघडायची जी खाच असते तिच्याभोवती किंवा पात्याच्या सपाट भागावर, बोटाच्या ठशाएवढा डाग असेल तर तो घामाचा आहे. घामातलं मीठ पोलादावर राहिलं की बऱ्याच कोरड्या हवेतसुद्धा गंज धरतो. पाहुण्यांना चाकू दाखवला की डबीत ठेवण्याआधी पुसायचा. सुती हातमोजे वापरले तर प्रश्नच मिटला.

डाग फक्त एकाच बाजूला असेल, म्हणजे चाकू ज्या कुशीवर पडून होता त्या बाजूला, तर दोष खालच्या वस्तूचा. चामड्याचं म्यान असेल तर जवळपास खात्रीच समजा. चामडं हवेतली ओल शोषून धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली आम्लं नि क्षार त्यात उरलेले असतात. जुनं म्यान चाकूबरोबरच आलंय म्हणून त्यातच ठेवायचं, हा आग्रह सोडा. म्यान वेगळं ठेवा, चिठ्ठी लावून जोडी कायम ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळणं, रंगीत मखमलीची डबी, प्लायवूडचा किंवा एमडीएफचा खण, यांचीही तीच तऱ्हा. प्लायवूडच्या सरसातून सुटणारी वाफ बंद खणात साचते आणि धातूला खाते.

पातं उघडताना बुडाशी, खिळ्याजवळून तपकिरी ओघळ येत असेल तर मूळ आत आहे आणि बहुतेक वेळा ते जुनं तेल असतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल, जवस, मोहरी, जे हाताशी आलं ते लावलं गेलंय. ही तेलं काळानं घट्ट होतात, आंबतात आणि पितळेवर हिरवट चिकट थर धरतो. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं तसंच हे. तो थर ओल धरून बसतो आणि शेजारचं पोलाद गंजत राहतं. वरून कितीही पुसा, आतला थर निघेपर्यंत ओघळ येतच राहणार. बफ करून आणलेल्या चाकूतही हेच घडतं, कारण बफिंगची पेस्ट खोबणीत जाऊन बसलेली असते. स्प्रे डब्यातली पातळ तेलं पाणी हटवायला चांगली, पण त्यांचा बराचसा भाग उडून जातो. महिनोन्‌महिने राखण करण्याचं काम त्यांचं नाही.

चौथी जागा सगळ्यात फसवी. पात्याचा बाहेर राहणारा भाग स्वच्छ, पण मिटल्यावर मुठीत जाणारा भाग मात्र गंजलेला, बारीक खड्डे पडलेले, आणि पितळी पट्ट्यांवर भरपूर हिरवं. तेल लावलं तरी काही आठवड्यांत परत. असं दिसलं की मुठीकडे संशयानं बघा. ती कासवाच्या पाठीसारखी, हस्तिदंतासारखी किंवा मोत्यासारखी चमकणारी असेल तर ती खरी नसून सेल्युलॉइडची असण्याची शक्यता मोठी आहे. हा पदार्थ १८७० च्या सुमारास बाजारात आला आणि पुढे चाकूंच्या मुठींसाठी भरपूर वापरला गेला. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं हे मिश्रण. मूठ अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि लगेच नाकाशी धरा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. देवघरातला वास ओळखणाऱ्याला इथे चूक होणं कठीण.

सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात आणि हवेतल्या ओलीशी मिळून आम्ल बनतात. मूठ मिटलेली असते तेव्हा तेच आम्ल बंद खोबणीत पात्यावर बसतं. मुठीवर आडव्यातिडव्या बारीक भेगा, कडा चुरचुरणं, पृष्ठभाग चिकट होणं, नाकात झोंबणारा वास, ही विघटन सुरू झाल्याची लक्षणं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. आणि ते शेजारच्या चाकूंनाही खातं. एकाच पेटीतल्या दहा चाकूंपैकी एक सेल्युलॉइडचा असेल तर बाकीच्या नऊंवर येणारा गंज त्याच्यामुळे असू शकतो. नुसता एवढा एक चाकू बाहेर काढल्यावर अख्खी पेटी शांत झालेली मी पाहिली आहे.

असा चाकू हवाबंद डब्यात कधीही ठेवू नका. हवा खेळती राहील असा, एकटा, अर्धवट नव्हे तर पूर्ण उघडलेल्या पात्यांसह, घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली नागपूरच्या मे महिन्यात भट्टी होते, तिथलं कपाट याच्यासाठी धोक्याचं. जुनं सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. हेअर ड्रायर लावायचा नाही, ॲसिटोन तर जवळही आणायचं नाही, मूठ विरघळते. स्पिरिटही टाळा. मूठ पार भुगा व्हायला लागली असेल तर फोटो, मापं, ठसे टिपून घ्या आणि जाणकाराकडून मूठ उतरवून पाती वाचवा. मला हे जड जातं, पण मुठीसाठी अख्खा चाकू घालवण्यापेक्षा हे बरं.

मूठ बदलायची वेळ आली तर कोणीतरी सांबरशिंग आणून देतो म्हणेल. घेऊ नका. सांबर-चितळाच्या शिंगांची खरेदी-विक्री १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंगसुद्धा त्यात येतं. हस्तिदंताचंही तेच. मूळ शिंगाची मूठ असलेला जुना चाकू घरात वारशानं आलेला असेल तर त्याबद्दल वनविभागाकडे रीतसर विचारून घ्या. राज्याचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. म्हशीचं शिंग, हाड, शिसवी लाकूड, हे पर्याय उत्तम आणि निर्धास्त.

आता राहिला तो गंज जो सगळीकडे, पिवळसर बारीक भुकटीसारखा, जवळपास सगळ्या चाकूंवर एकदम येतो. हा हवेचा. आणि इथे नागपूरकरांची एक समजूत मोडायला हवी.

आपण धरून चालतो की पावसाळा वाईट आणि उन्हाळा निर्धोक. बाहेर खरंच तसं असतं. एप्रिल-मे मध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते. पण चाकू बाहेर नसतो, तो खोलीत असतो, आणि होळी झाली की खोलीत कूलर सुरू होतो. डेझर्ट कूलरचं काम पाणी हवेत सोडणं हेच आहे. खिडक्या नीट उघड्या नसतील तर खोलीतली आर्द्रता सहज ६०-७० टक्क्यांवर जाते. स्वच्छ पोलाद साधारण ६० टक्क्यांच्या वर गंजायला लागतं, क्षार किंवा धूळ असेल तर त्याच्या बऱ्याच खाली. म्हणजे बाहेर नवतपा तापत असताना आत तुमच्या कपाटात भर श्रावण चालू असतो. खसच्या ताट्यांसमोरच्या भिंतीला शोकेस लावलेली घरं मी बघतो तेव्हा जीव हळहळतो. ज्या खोलीत कूलर, त्या खोलीत संग्रह नको. दुसरी खोली नसेल तर चाकू डब्यात, डबा बंद, आणि कूलरच्या झोतापासून लांब.

एसीचा धोका वेगळा आहे. जुलैत एसीच्या खोलीत गार झालेला चाकू तुम्ही दाखवायला म्हणून ओसरीवर आणला की त्यावर क्षणात दव धरतं, आणि सांध्यात शिरलेलं ते पाणी दिसत नाही. बाहेर न्यायचा असेल तर बंद डब्यासकट न्या आणि डबा बाहेरच्या हवेइतका कोमट झाल्यावरच उघडा.

अंदाजावर चालू नका. छोटा डिजिटल आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो. तो खरं सांगतो का हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंबथेंब पाणी टाका, मीठ ओलं झालं पाहिजे पण विरघळून जाता कामा नये. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७० दाखवत असेल तर तो ५ नं कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवून वाचायचं.

डबा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, स्वयंपाकघरात रबरी कडेचे जे मिळतात ते चालतात. पीव्हीसीचे पाउच नकोत. तळाला धुतलेलं पांढरं सुती कापड, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि मापक. रंग बदलणारी जेल घेतली की कळायला सोपं जातं, पण निळ्याची गुलाबी होणारी जेल टाळा, तिच्यात कोबाल्टचा क्षार असतो. नारिंगी बरी. रंग उतरला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवायची, थंड झाली की परत वापरायची. डबा भरताना हवा कोरडी असू द्या. धो-धो पाऊस चालू असताना डबा बंद केला तर तुम्ही पाऊसच आत कोंडता. डबे बंद करण्याचा सगळ्यात चांगला काळ आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारी.

जेल भरमसाट घालायचा मोह मात्र आवरा. पोलादाला कोरडं हवं, पण शिंग, हाड आणि लाकूड अति कोरड्यात आकसतं. मुठीला खिळ्यापासून निघणारी चीर पडते आणि ती परत बुजत नाही. डब्यात ४० ते ५० टक्के ही दोघांनाही मानवणारी जागा. ३५ च्या खाली गेलं तर एक पिशवी काढून घ्या.

सफाईबद्दल मी मुद्दाम शेवटी बोलतो आहे, कारण सगळे इथूनच सुरुवात करतात.

आधी राखाडी-निळसर डाग आणि तांबूस गंज यातला फरक ओळखा. राखाडी, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर ही पोलादाची जुनी साय आहे. ती राखण करते, तिला हात लावायचा नाही. तांबूस-नारिंगी, पुसल्यावर कापडाला लागणारा तो जिवंत गंज, तेवढाच काढायचा.

सांध्यातली घाण काढायला रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ विस्तव नको. चाकू पांढऱ्या फडक्यावर धरून सांध्यात थेंब सोडा, पातं हळूहळू उघडा-मिटा. फडक्यावर आधी काळपट, मग तपकिरी, मग फिकट पिवळं उतरतं. स्वच्छ उतरेपर्यंत करत राहा, एका बैठकीत झालं नाही तर उद्या. पितळेवरचं हिरवं बांबूच्या टोकदार काडीनं खरवडा. कॉर्कस्क्रूच्या खाली आणि आकड्याच्या पोटात काडी घालायला विसरू नका, तिथे शंभर वर्षांची धूळ असते.

जिवंत गंजावर हलकं तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्या. मग तांब्याच्या किंवा पितळेच्या तुकड्याची सपाट कड आडवी धरून खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि पात्यावर ओरखडा उठत नाही. काच पेपर नको, व्हिनेगर आणि लिंबू नको. आम्ल फटीत राहिलं की पंधरा दिवसांत तोच गंज दुप्पट. पितळ चमकवायची अमोनियाची पॉलिशंही नकोत, जुन्या ताणलेल्या पितळेला त्यानं चिरा जाऊ शकतात. पात्याच्या बुडाशी तर फक्त मऊ कापड. ‘ENGLAND’ ही अक्षरं तिथे आहेत की नाहीत यावरून वयाचा अंदाज बांधता येतो, कारण १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानंतर, १८९१ पासून, तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. असे ठसे उथळ असतात, एकदा घासले की गेले.

मग सांध्यात सुईच्या टोकानं शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. औषधाच्या दुकानातलं लाइट लिक्विड पॅराफिनही उत्तम, ते आंबत नाही. पात्यावर आणि बाकी हत्यारांवर तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि कोरड्या कापडानं पुसून घ्या. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स संग्रहालयांत याच कामासाठी वापरतात. महाग वाटतं, पण एक डबी वर्षानुवर्षं पुरते.

घट्ट बसलेलं पातं पक्कडीनं ओढू नका, नखखाचेपाशी तुकडा उडतो. सांध्यात तेल सोडून आठवडाभर वाट बघा, दर दिवशी हलकी ओढ द्या.

एवढं सगळं करूनही एका चाकूच्या एकाच सांध्यातून तपकिरी ओघळ येतच असेल, तर गंज स्प्रिंगेच्या खाली, दोन पट्ट्यांच्या मध्ये बसलाय. तिथे पोचायला खिळे ठोकून काढावे लागतात आणि मूळ खिळे गेले की चाकूची किंमत आणि खरेपणा दोन्ही जातं. त्याच्यासाठी चाकू उघडू नका. डब्यातली आर्द्रता ४० च्या आसपास धरा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर असं वर्षातून दोनदा त्या सांध्यात टर्पेंटाइन आणि मग तेलाचा थेंब द्या. ओघळ दर वेळी आधीच्यापेक्षा फिकट येतोय ना, एवढं फडक्यावर बघत राहा. गडद व्हायला लागला तर डब्यातली जेल आधी तपासा.